तुझं अर्धं वाक्य माझ्याकडे राहिलं

सुजाता,

गेल्या आठवड्यात तुझ्या गावच्या विहारात शोकसभा झाली. तिथे तुझं म्हणून जे वाक्य सांगितलं गेलं, ते तुझं नव्हतं. ते माझं होतं.

सांगितलं हेमंतनं. तुझ्याच वर्गातला हेमंत, देवळीचा, आता बियाणं-खताचं दुकान सांभाळतो आणि चार सभांमध्ये बोलतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला, की विद्यार्थिनी असतानाच सुजाताताईंनी परदेशी पाहुण्यांना ठामपणे सांगितलं होतं, आमच्या गावात माणसामाणसांत काही भेद उरला नाही. त्याला वाटलं, तो तुझा गौरव करतो आहे. समोर बसलेल्या तुझ्या वस्तीतल्या बाया एकमेकींकडे पाहून खाली बघायला लागल्या. तुझा भाऊ मिलिंद दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

मग माझं नाव पुकारलं. सगळं सांगायची याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी उठलो आणि म्हणालो, हुशार मुलगी होती, अकाली गेली, समाजाची हानी झाली. कुणाच्याही शोकसभेत चालली असती अशी वाक्यं. बोलून खाली बसलो. नंतर मिलिंदनं मला चहा आणून दिला आणि कप माझ्या हातात ठेवताना हळूच म्हणाला, "ताई म्हणत राहे, सर एक दिवस वस्तीत येतीन म्हने. आले तुमी. पण बोलले नाई."

तो चहा मी पूर्ण पिऊ शकलो नाही.

तू वर्गात पहिल्यांदा आलीस ते आठवतं. राज्यशास्त्राच्या एम.ए.ला मी तो सेमिनार नव्याने सुरू केला होता, लोकराजनय आणि धोरणात्मक संवाद. नाव ऐकूनच निम्मी मुलं दुसऱ्या विषयाकडे वळली होती. एका देशानं दुसऱ्या देशाच्या सरकारशी नव्हे, तर तिथल्या साध्या माणसांशी कसं बोलावं, हा लोकराजनय. आणि काय बोलायचं, कुणी, कधी, हे आधी ठरवून बोलणं म्हणजे धोरणात्मक संवाद. हे मी फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की हॉस्टेलच्या मेसवाल्याशी आमचा असाच संवाद चालू हाये सर, पण पोळ्या काही वाढून नाई राह्यल्या. वर्ग हसला. तू हसली नाहीस. तू विचारलंस, की मेसवाला पोळ्या का वाढवत नाही हे कुणी त्याला विचारलं का. मला त्याच दिवशी कळलं होतं, ही मुलगी मला सुखानं शिकवू देणार नाही.

आपली खुर्ची तुला आठवत असेल. दर आठवड्याला मी एक खुर्ची वर्गाच्या मधोमध ठेवायचो. तिच्यावर जो बसेल तो एक देश. बाकीचा वर्ग म्हणजे दुसऱ्या देशातली जनता. ती प्रश्न विचारणार. नियम एकच होता. खुर्चीत बसलेल्यानं स्वतःच्या मनातलं बोलायचं नाही, देशाचं बोलायचं. आवाज देशाचा, तोंड तुमचं, असं मी सांगायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

एकदा हेमंत बलाढ्य देश झाला होता आणि तू समुद्रातलं एक छोटंसं बेट. त्यानं ऐटीत जाहीर केलं, की आमच्या मैत्रीची खूण म्हणून तुमच्या जनतेला फुकट ट्रॅक्टर देतो. तू शांतपणे म्हणालीस, "ट्रॅक्टर ठेवा. डिझेल कोन टाकीन?" वर्ग कितीतरी वेळ हसत होता. पुढे वर्षभर कुणी मोठं आश्वासन दिलं, की मागून हमखास आवाज यायचा, डिझेल कोन टाकीन. मी अजूनही टीव्हीवर कुठल्या पंतप्रधानांचा दौरा पाहतो तेव्हा मनात तेच येतं. हे तू मला दिलंस.

आपलं भांडण मात्र त्या खुर्चीवरून नव्हतं. ते माझ्या दुसऱ्या एका शिकवणीवरून होतं. मी म्हणायचो, चांगला प्रवक्ता खोटं बोलत नाही, तो निवडतो. दहा खऱ्या गोष्टींतल्या कोणत्या तीन सांगायच्या, हे ठरवणं म्हणजे कौशल्य. तुझं म्हणणं होतं, की निवडणाऱ्याला ज्या गोष्टीचा त्रास होत नाही, तीच तो सोडून देतो. मग सोडलेल्या गोष्टीत राहणाऱ्या माणसांचं काय? मी पुस्तकातली उदाहरणं द्यायचो, तू गावातली. मी म्हणायचो, भावनेनं विचार करू नकोस. तू म्हणायचीस, "सर, ऐकणं हे या विषयाचं पहिलं पाऊल हाये असं तुमीच लिहून देल्लं. मंग दुसरं पाऊल टाकताना पहिलं काऊन पुसता?"

उत्तर द्यायला मी पुढच्या तासाची वेळ मागितली होती. तो तास कधी झाला नाही.

त्याच हिवाळ्यात बाहेरच्या देशातल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात येणार असं ठरलं. वर्ध्याला असे पाहुणे नवे नाहीत; आश्रम पाहायला येतात, चरख्यासोबत फोटो काढतात, जातात. या पाहुण्यांना एक खेडं पाहायचं होतं. मी उत्साहानं म्हणालो, आपला सेमिनारच हे काम करेल. प्रत्यक्षातला लोकराजनय. गाव निवडलं तुझं. कारण काय दिलं? तू तिथली आहेस, वस्ती नीटनेटकी आहे, एका अंगाला विहार आणि दुसऱ्या अंगाला मारुतीचं देऊळ, चित्र छान दिसतं. हे चित्र मी फळ्यावर काढूनसुद्धा दाखवलं होतं.

तू एकच अट घातलीस. आम्ही आमच्या भाषेत बोलू, इंग्रजीत तोंड वेंगाडणार नाही. सर भाषांतर करतील. मला ही अट फार आवडली. स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या देशाला मान मिळतो, हे मीच शिकवलं होतं. तुला इंग्रजी समजायचं. तरी तू आपली भाषा निवडलीस, म्हणजे तुझे शब्द तू माझ्या हातात दिलेस. त्यातला विश्वास मला तेव्हा दिसला नाही. मला त्यात फक्त माझी शिकवण यशस्वी झालेली दिसली.

त्या दिवशी जेवण अण्णाजींकडे होतं. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. गावातले मोठे शेतकरी, आपल्या संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन. वस्तीतून तुमच्या स्मशानभूमीकडे जाणारी वाट त्यांच्या शेतातून जायची आणि ती त्यांनी तारेचं कुंपण घालून बंद केली होती, हे मला ठाऊक होतं. तूच सेमिनारमध्ये सांगितलं होतंस. तुझ्या काकाला नेताना माणसं नाल्याच्या बांधावरून कशी गेली, तेही. मी तेव्हा म्हणालो होतो, हा स्थानिक प्रश्न आहे, आपल्या विषयाच्या चौकटीत बसत नाही.

आंब्याखाली आपण उभे होतो. तू, मी, आणि पाहुण्यांतली ती वयस्क प्राध्यापिका. बाकीचे पुढे गेले होते. तिनं तुला विचारलं, तुमच्या गावात आज सगळे सारखे राहतात का? तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस:

"जित्तेपणी आमी सारे एकाच टपरीवर चहा पेतो. पण मेल्यावर आमचा रस्ता येगळा हाये, अन् तोही बंद हाये. तो तुमाले आज कोनी दाखवनार नाई. माह्यासंगं चाला, मी दाखवीन."

मी भाषांतर केलं. मी म्हणालो: हिच्या गावात सगळे एकाच टपरीवर चहा पितात, आता माणसामाणसांत काही भेद उरलेला नाही, आणि तुम्हाला गाव दाखवायला हिला फार आनंद होईल.

सुजाता, मला कुणी धमकावलं नव्हतं. अण्णाजी तिथे नव्हते. प्राचार्य नव्हते. विचार करायला वेळही लागला नाही, इतकं ते सहज आलं. पहिलं वाक्य तुझंच होतं, म्हणून मी स्वतःला सांगितलं, मी खोटं बोललो नाही, निवडलं. दुसरं वाक्य तर निवडलेलंही नव्हतं, ते मी घडवलं होतं. पण त्याचा हिशेब मी कित्येक वर्षं मांडलाच नाही.

ती बाई आनंदली, तिनं तुझा हात हातात घेतला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सर, अर्धंच सांगतलं तुमी." मी म्हणालो, उरलेलं नंतर सांगू. तेवढ्यात अण्णाजी स्वतः बोलवायला आले, चला, पंगत बसली.

तेवढ्यावर थांबलं असतं, तरी कदाचित तू मला माफ केलं असतंस. जेवणानंतर शाळेच्या मैदानात निरोपाचा कार्यक्रम झाला. सगळं गाव जमलं होतं. एका बाजूला सतरंजीवर तुझ्या वस्तीतली माणसं, तुझे बाबा स्वच्छ पांढऱ्या शर्टात पुढच्या रांगेत. ती प्राध्यापिका माईकवर आली आणि तिनं तुझं नाव घेतलं. तुमच्या गावच्या या मुलीनं आज मला सांगितलं, असं म्हणत तिनं माझंच वाक्य परत केलं. आणि ते गावाला मराठीत सांगायला माईक माझ्याच हातात आला.

तिथे मला थांबता आलं असतं. खोकला आला म्हणून पाणी मागता आलं असतं. मी ते वाक्य स्पष्ट, खणखणीत आवाजात मराठीत सांगितलं. टाळ्या पहिल्यांदा अण्णाजींच्या बाजूनं आल्या. वस्तीतली माणसं मागे वळून तुझ्याकडे पाहायला लागली. तू उठून उभी राहिलीस. तुझं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी हातानं खूण केली, बस.

आणि तू बसलीस. सेमिनारभर माझ्याशी वाद घालणारी मुलगी माझ्या एका हाताच्या खुणेवर बसली, कारण पाहुण्यांसमोर आपल्या सरांना खोटं पाडायचं नाही, हे तुझ्या घरानं तुला शिकवलं होतं. परत येताना बसमध्ये तू माझ्या बाजूच्या सीटवर आलीस आणि खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "तुमी मले खुर्चीत बसवलं, सर. मी त् बसलीच नव्हती."

त्यानंतर जे झालं ते मला तुझ्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळलं. लहानपणापासून दर चौदा एप्रिलला वस्तीतल्या मंचावर तू भाषण करायचीस. पुढच्या जयंतीला तुझं नाव कुणी पुकारलं नाही. बाया पाण्याला जाताना तुला ऐकू जाईल असं बोलायच्या, पोट्टी शिकली अन् आमाले इकून आली. बाबांनी तुला एकदाच विचारलं, तू असं बोलली का? तू नाही म्हणालीस, त्यांनी विश्वास ठेवला. पण ते दुसऱ्यांना सांगायला गेले, तर लोक म्हणायचे, मंग काय सर खोटं बोलले? सरांवर लोकांचा इतका विश्वास होता.

तू माझ्या केबिनमध्ये आलीस. रागावलेली नव्हतीस. म्हणालीस, "एक डाव वस्तीत या सर. दोनच शब्द सांगा. बाकी मी पाहून घेईन." मी म्हणालो, येईन. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची समिती येऊन जाऊ दे, मग नक्की. समिती येऊन गेली. मग त्या परदेशी विद्यापीठाशी करार व्हायचा होता. तू पुन्हा एकदा आलीस, दारातच उभी राहिलीस. मी फोनवर होतो. हातानं तुला थांबायची खूण केली, आणि फोन संपेपर्यंत तू गेली होतीस. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस.

मी पुढे अनेक वर्षं तोच विषय शिकवला. देशांच्या प्रतिमांबद्दल व्याख्यानं दिली. ऐकण्याचं महत्त्व यावर माझा एक निबंध आहे. लोक अजून त्याचं कौतुक करतात.

तू माझ्याशी बोलणं तोडलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. माझी बायको गेली तेव्हा तू सेलूहून आलीस. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात तुला नोकरी लागली होती, पदरात लहान मूल होतं. तेरवीच्या गर्दीत आली नाहीस, त्यानंतर आलीस, जेव्हा कुणी येत नाही. नालवाडीच्या माझ्या रिकाम्या घरात तू भाकरी थापल्यास, वाटीत वरण वाढलंस आणि समोर बसून म्हणालीस, जेवा. मला वाटलं, आता ती बोलेल. तू मीठ बरोबर आहे का एवढंच विचारलंस. त्या जेवणानं मी तगलो, सुजाता. ज्याचं आपण घेतलं त्यानंच आपल्याला वाढावं, याहून अवघड घास नाही.

आणि मग तुझा वर्ग. एकदा पाहुणा म्हणून बोलावलंस तेव्हा पाहिलं, तू माझी खुर्ची तिथे नेली होतीस. वर्गाच्या मधोमध, तशीच. पण नियम बदलला होतास. तुझ्या वर्गात खुर्चीत बसलेल्यानं आपल्याच मनातलं बोलायचं, जे एरवी बोलता येत नाही ते. आणि बाकीच्यांनी त्याचं म्हणणं शब्द न गाळता परत सांगून दाखवायचं. तो मान डोलवेल तेव्हाच पुढे जायचं. एक मुलगी घरच्यांबद्दल काहीतरी बोलली, आणि समोरच्या मुलाला ते नीट सांगायला बराच वेळ लागला. तू घाई केली नाहीस. मला म्हणालीस, तुम्हीही बसा सर खुर्चीत. मी हसून टाळलं. म्हणालो, माझं वय झालं. तुझा चेहरा क्षणभर बदलला, मग तू मुलांना सांगितलंस, सरांसाठी चहा आणा.

ते बोलावणं कशासाठी होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आता तुझ्या अंत्ययात्रेचं. मला गावीच न्यावं असं तू सांगून ठेवलं होतंस, मिलिंद म्हणाला. अण्णाजींच्या मुलानं कुंपण काढलेलं नाही. तारेच्या आत सोयाबीन उभं होतं, शेंगा भरलेल्या. माणसं तुला घेऊन नाल्याकडे वळली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, बांध घसरडा होता. पुढचे चौघं पाय रोवून रोवून चालत होते, कुठे पाणी पोटरीपर्यंत होतं. त्रिशरण म्हणणाऱ्यांचा आवाज मध्येच तुटत होता, कारण प्रत्येकाला पायाखाली पाहावं लागत होतं. मी मागे राहिलो. एका ठिकाणी मला ओलांडता येईना. वस्तीतला एक माणूस परत आला, माझा दंड धरला, म्हणाला, "इकडून या सर, पाय इथं ठेवा." त्यानं मला पार नेलं. तो मला सरच म्हणत होता.

तरीही शोकसभेत मी खरं बोललो नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातं. तरुण वयातली चूक म्हणून मागचं सोडून देता आलं असतं. मी तेव्हाही तरुण नव्हतो, पण माणूस सबब शोधतो. गेल्या आठवड्यातल्या गप्प बसण्याला सबब नाही. करार नव्हता, समिती नव्हती, अण्णाजी नव्हते. फक्त सवय होती.

या रविवारी मी पुन्हा विहारात गेलो. मिलिंदला फोन केला होता. तो म्हणाला, लिहून नका आणू सर, बोला. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. खुर्ची देऊ केली, मी घेतली नाही. आंब्याखाली तू काय बोललीस ते तुझ्या शब्दांत सांगितलं. मग मी काय सांगितलं ते माझ्या शब्दांत. आणि तू मैदानात उठली होतीस तेव्हा ती हाताची खूण कुणी केली, तेही.

मग तुझी काकू, जिच्या नवऱ्याला त्या बांधावरून नेलं होतं, तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि विचारलं, "तवाच काऊन नाई सांगतलं?" मी म्हणालो, भ्यालो. ती म्हणाली, "कोनाले?" ती रागावली नाही. थकल्या आवाजात म्हणाली, "आता आमाले सांगून काय होते, सर. तिले सांगाचं होतं. ती वाट पाहून गेली."

लोक हळूहळू उठले. कुणी माझ्या पाया पडलं नाही, एरवी पडतात. मला बरं वाटलं.

काकू म्हणाली म्हणून हे तुला सांगतो आहे, जिथे कुठे ऐकणं उरत असेल तिथे. आपला तो राहिलेला तासही इथेच घेतो: तुझं बरोबर होतं. जो सोडतो त्याला सोडलेल्याचा त्रास नसतो. आणि तू त्या दिवशी म्हणाली होतीस, माह्यासंगं चाला, मी दाखवीन.

आलो सुजाता. तू पुढे होतीस, आणि रस्ता अजून बंद आहे.